वेळणेश्वर ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने चालत (अनुभव, चुका आणि दोन प्रश्न)

भटकभवानी
नमस्कार मंडळी, गेली कित्येक वर्षं इथे वाचनमात्र होते, पण आता सांगण्यासारखं काहीतरी घडलंय म्हणून धागा काढतेय, गोड मानून घ्या. जानेवारीत पौर्णिमेच्या आगेमागे मी, माझी मावसबहीण आणि तिचा नवरा (यापुढे भावोजी) असे तिघं वेळणेश्वरहून रत्नागिरीला चालत गेलो. तीन दिवस. ट्रेक म्हणावा तर गड नाही, वारी म्हणावी तर विठोबा नाही, त्यामुळे घरी काय सांगून निघायचं हाच पहिला प्रश्न होता.

पहिल्या दिवशी वेळणेश्वर-हेदवी-नरवण-रोहिले करत संध्याकाळी तवसाळ, तिथून तरीने (फेरीबोटीने) जयगड. दुसऱ्या दिवशी जयगड ते मालगुंड. तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे, भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे, काळबादेवी, साखरतरचा पूल आणि रत्नागिरी. तिसरा दिवस फार लांब पडला, शेवटचा शिरगावपासूनचा पट्टा आम्ही सरळ रिक्षाने केला, खोटं कशाला बोलू.

आता चूक नंबर एक. वेळणेश्वरला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू आदल्या रात्रीच म्हणाल्या होत्या की खालून कातळाने जायचं तर उजाडायच्या आत निघा नाहीतर सरळ दुपारनंतर जा. पण सकाळी पोहे आले, वर ओलं खोबरं, भावोजींनी दुसरी प्लेट मागवली, मग चहा, निघेनिघेपर्यंत आठ वाजून गेले. सुरुवातीला एकदम भारी वाटत होतं, काळा कातळ, डबक्यांत छोटे मासे, फोटो काढणं चालू. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मघाशी ज्या दगडावर बसून फोटो काढला तो दगड आता नाहीचे. पुढे कालवं फोडणाऱ्या दोन बायका सामान गुंडाळून वर निघाल्या होत्या, त्यातली एक ओरडली, "पानी चढतोय वो, मागं फिरा, मागं!" मागे फिरायलाही जागा नव्हती तशी. त्यांच्याच मागोमाग करवंदीच्या जाळीतून अक्षरशः रांगत सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर चढलो. माझा कुर्ता फाटला, भावोजींच्या नव्या बुटाचा तळवा कालवांनी असा चिरला की किसणीवर घासल्यासारखा. त्या बायकांनी वर आल्यावर आम्हाला पाणी दिलं आणि भरपूर हसल्या.

गंमत म्हणजे ज्या भरतीने आमची फजिती केली तिनेच हेदवीला बामणघळीत जो तमाशा दाखवला तो मी जन्मात विसरणार नाही. कातळातली ती अरुंद चीर, लाट आत घुसते आणि मग धाडकन वर उसळते. ओहोटीला गेलो असतो तर नुसती भेग बघून आलो असतो.

प्रश्न दोन आहेत. एक, ही भरतीची वेळ तुम्ही लोक कशी काढता, मोबाईलला तिथे रेंज नव्हती. दोन, एका गावात (नाव नको) आम्हाला सांगितलेली पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) निम्म्यात गेट लावून बंद केलेली होती, पलीकडे बंगल्याचं काम चालू. वॉचमन म्हणाला प्रायव्हेट आहे. अशा वेळी काय करायचं?

नाखवा
भवानीताई, जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं. रेंज कशाला हवी, कालनिर्णय बघून निघायचं. तिथीला पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार चा पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि त्याच्या सहा तास अलीकडे पलीकडे नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. तुम्ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलात ना, चौदाचा पाऊण साडेदहा, म्हणजे तुम्ही आठला निघालात ते बरोबर चढत्या पाण्यात आणि तेही उधाणाच्या. काकू चुकल्या नव्हत्या, पहाटे साडेचारला सुकती, म्हणजे ओहोटी होती. अमावास्या पौर्णिमेला आम्ही सरळ बारा धरतो. हे मुंबई रायगडकडचं गणित, खाली दक्षिणेला जाल तशी भरती जरा आधीच येते, म्हणून पाऊण-एक तास हातचा ठेवायचा.

आणि अजून एक, कातळावरून जायचं तर पाणी उतरत असताना निघायचं, पूर्ण ओहोटी झाल्यावर नाही. म्हणजे मध्ये अडकलात तरी पाणी अजून खालीच जाणार आहे. बरेच जण ओहोटीची वेळ बघून बरोब्बर त्याच वेळेला निघतात आणि निम्म्यात गेले की पाणी पाठीमागे लागतं.

मंजिरी_के
मस्त लिहिलंयस. तो बुटाचा तळवा वाचून हसू आलं आणि अंगावर काटाही. आम्ही हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर असंच केलं होतं, खडकाच्या फटीतून त्या पायऱ्या उतरून खाली गेलो, तिथल्या खडकांना मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत ती बघत बसलो. खारं पाणी दगडात मुरतं, सुकताना मिठाचे खडे आतल्याआत फुगतात आणि दगड कण कण सुटत जातो, त्याने होतं म्हणे ते. बघता बघता पायाशी फेस. तिथे पाटी असूनही लोक लाटेकडे पाठ करून सेल्फी घेत उभे असतात, लोकं वाहून गेलीत तिथून. समुद्राकडे पाठ करायची नाही हे माझी आजी शेवपुरी खातानासुद्धा सांगायची.

पुणेरी_पायतण
छान पण एक शंका, यात सलग वाट अशी आहेच कुठे? मी नकाशा बघितला तर अर्धं डांबरी रस्त्यानेच दिसतंय. मग याला कोस्टल ट्रेल वगैरे म्हणायचं का?

भटकभवानी
@पुणेरी_पायतण ट्रेल मी म्हटलंच नाहीये हो, पण मुद्दा बरोबर आहे. सलग वाट नाही. कोकणात किनारा म्हणजे एक पुळण (वाळूचा किनारा), मग डोंगराची सोंड पाण्यात घुसलेली, मग खाडी, परत पुळण. सोंड आली की वर सड्यावर चढायचं नाहीतर ओहोटीला खालून कातळाने, खाडी आली की तरीची बोट शोधायची नाहीतर पुलापर्यंत वळसा. जुन्या लोकांनी यांना जोडणाऱ्या वाटा केल्यात, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, वहाळावर साकव (छोटा पूल), दोन्ही बाजूला गडगा (दगडी कुंपण). आम्ही तेच तुकडे जोडत गेलो. दुसरा दिवस मात्र तुम्ही म्हणता तसाच, जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर सोडलं तर निम्मा वेळ डंपरची धूळ खाल्ली. कऱ्हाटेश्वराला मात्र जाच. देऊळ कड्यावर आणि पायऱ्या उतरून खाली गेलं की समुद्राच्या काठाशी गोड्या पाण्याचा झरा. बाटल्या तिथे भरल्या.

जांभा
मी राहणार मालगुंडच्या पुढचा, त्यामुळे थोडं बोलतो. तुम्ही बाहेरचे लोक पुळणीवर चालायला येता आणि पुळणीवरच दमता, कारण तुम्ही कोरड्या वाळूतून चालता. ओल्या वाळूवर चालायचं, लाट परत गेल्यावर जी पट्टी घट्ट होते तिथे. पण तिथे किनारा कलता असतो, एक पाय कायम खाली पडतो, तासाभराने गुडघा बोलायला लागतो. तेव्हा थोडं वर या, थोडं खाली जा. चपला हातात घेऊन अनवाणी चालायची हौस असेल तर पुळणीपुरती ठेवा, कातळ आला की पायात घाला.

सड्याबद्दल कोणी बोललं नाही. सड्यावर सावली नाही आणि पाणी नाही. जांभा तापला की खालून भाजतो आणि वरून ऊन, मार्चनंतर दहा वाजता सड्यावर असाल तर तुमची तुम्हाला लाज वाटेल. पावसाळ्यात तोच सडा बघा, हिरवागार, डबकी भरलेली, सीतेची आसवं आणि गेंदाची फुलं, बघत राहावं असं. पण तेव्हा कातळ शेवाळाने असा निसरडा की खालून जायचा विचारही नको.

आणि फुरसं, विषारी साप. आमच्या जिल्ह्यात हे लक्षात ठेवायलाच लागतं. जांभ्याच्या दगडाच्या रंगाचंच असतं, गडग्याच्या फटीत, पाल्यापाचोळ्यात. गडग्यावर हात टेकून उडी मारायची नाही, दगड उचलायचा नाही, संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय पाखाडी उतरायची नाही. चावलं तर बांधाबांध, कापाकापी, ब्लेड वगैरे काही करायचं नाही, हालचाल कमी ठेवून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथे मिळते.

तळकोकणी
आमच्याकडे येवा हो. तुमी रत्नागिरीवरच थांबलास तर काय बघितलास? कुणकेश्वरापासून खाली मिठबाव, तांबळडेग, आचरा, तोंडवळी, तळाशील करीत या. तळाशीलाक एका बाजूक समुद्र आणि दुसऱ्या बाजूक खाडी, मदी माडांची नि सुरूची अरुंद पट्टी, चलताना दोनी बाजूक पाणी दिसता. टोकाक गेलास की होडयेन सर्जेकोट. फुडे मालवण, तारकर्ली, देवबाग, परत होडयेन कर्लीची खाडी उतरलास की भोगवे, निवती. वाळू तुमच्याकडच्यापेक्षा पांढरी हा, ह्या मी म्हणनय नाय, लोका म्हणतत.
(मराठीत: होडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो मासेमारीला गेला असेल तर तुम्ही टोकावर बसून राहाल आणि परत फिरायचं म्हणजे सगळी पट्टी उलटी चालायची.)

पुणेरी_पायतण
होडीला पैसे किती घेतात?

तळकोकणी
माणूस बघून. तुमका बघून जास्त.

सातबारा
भटकभवानी यांचा दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो, महसूल खात्यात आयुष्य गेलंय. आधी एक स्पष्ट करू, पुळण कोणाच्या बापाची नसते. भरतीरेषेच्या खालची जागा सरकारी, तिथून चालायला कोणी अडवत असेल तर त्याला सातबारा दाखव म्हणायचं. वरच्या वाटेचं मात्र सोपं नाही.

गावनकाशा काढायचा, आता ऑनलाइनही दिसतो. त्यात एका तुटक रेषेने दाखवलेला असतो तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट धरतात. अशी रेषा तुमच्या पाखाडीवर असेल तर गेट लावणाऱ्याची बाजू लंगडी. दुसरं, ग्रामपंचायतीच्या नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत ती वाट घातली आहे का ते बघायचं. कोकणातल्या निम्म्या पाखाड्या दोन्हीकडे नसतात, कारण पिढ्यानपिढ्या सगळे जात होते, नोंद करायची गरज कोणाला वाटली? आणि मग जमीन विकली गेली, घेणारा बाहेरचा, त्याला कागदावर वाट दिसत नाही, तो कंपाउंड घालतो. त्याचंही एका अर्थी चूक नाही.

वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा टाकता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि टाकणार ज्याची वहिवाट होती तो गावकरी. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ चं लोक फार ऐकून असतात, पण ते शेतजमीन धारण करणाऱ्याला स्वतःच्या शेतात जायला बांधावरून वाट मिळण्यासाठी, तुमच्यासारख्या हौशी पाहुण्यांसाठी नाही. म्हणजे तुम्ही वॉचमनशी वाद न घालता मागे फिरलात ते योग्य केलंत. गावात कोणाला तरी सांगून आलात का? सहा महिने मोजायला कोणीतरी पाहिजे.

भटकभवानी
सातबाराकाका, खूप आभार, हे डोक्यातच नव्हतं. सांगितलं ना, खालच्या वाडीत एका आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले आमच्या पोरांना शाळेत आता रिक्षा नेते, पाखाडीने जातंय कोण, फक्त मयत न्यायची वेळ आली की आठवेल. यावर मी काय बोलणार.

मंजिरी_के
आई ग.

अण्णा_गुहागरकर
म्हणून म्हणतो की या वाटांवर दगडाला बाण रंगवा, गावागावात पाट्या लावा, लोकांना चालत येऊ द्या. चालणारा माणूस गाडीवाल्यासारखा वरच्या वर निघून जात नाही, दर दोन तासांनी त्याला भूक लागते. पाणी, सरबत, जेवण, रात्रीची खोली, सगळं वाडीतच लागतं. आमच्याकडे पर्यटन म्हणजे शनिवारी गाड्या येतात, पुळणीवर फोर व्हीलर घालतात, रुतली की ट्रॅक्टर बोलवतात, ट्रॅक्टरवाल्याचा धंदा तेवढा होतो.

जांभा
अण्णा, पाट्या नको. पाटी लागली की रील येतं, रील आलं की दोनशे माणूस आणि त्याच्या पाण्याच्या बाटल्या. आरे-वारेचं काय झालं बघताय ना, वरच्या वळणावर उभं राहून दोन्ही पुळणी एकदम दिसायच्या तेव्हा तिथे वाऱ्याशिवाय कोणी नसायचं, आता मक्याच्या गाड्यांची रांग. शिवाय बाहेरच्यांना पाण्याची ओढ कळत नाही, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस खेचला जातो, दरवर्षी बातमी येते.

अण्णा_गुहागरकर
मक्याची गाडी कोणाची असते? आपल्याच पोरांची ना? मुंबईला जाऊन वॉचमन होण्यापेक्षा बरं नाही का? आणि रेवस-रेडी सागरी महामार्ग होतोच आहे, खाड्यांवर पूल झाले की तरीची बोट पण जाईल, मग तुम्ही कोणाकोणाला नको म्हणणार?

नाखवा
दोघंही जरा दमाने. पूल झाला की तरीची बोट जाते हे खरं, पण पूल झाला तर म्हणा की. बाणकोटच्या खाडीवरचे खांब वर्षानुवर्षं नुसते उभे आहेत, वेसवी-बागमांडला फेरीबोट आपली चालू आहे. पाट्यांचं म्हणाल तर मला वाटतं पाटी एकच हवी, सोंडेच्या दोन्ही टोकांना, "खालची वाट भरतीत बंद". बाकी वाट विचारत जाऊ दे. विचारलं म्हणजे बोलणं होतं, आणि गावाला कळतं कोण कुठे गेलंय, नाही परतला तर शोधायला तरी जातील. भवानीताईंना पण त्या कालवंवाल्या बायांनीच वाचवलं, गुगलने नाही.

भटकभवानी
+१, नाखवादादा. शिवाय वाट विचारली की लोक आधी "चालत? कशाला?" हेच विचारतात आणि मग दहा मिनिटांत आपण कोणाच्या तरी पडवीत कोकम सरबत पीत बसलेलो असतो.

जांभा
पाटी एक, आणि तीही लाकडी. एवढं मान्य.

पाऊलवाट_९
नवीन सदस्य आहे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. पहिली, कासवांबद्दल. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले माद्या रात्री पुळणीवर येतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं निघतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी या बाजूला रात्रीचं पुळणीवरून चालणं टाळा, टॉर्च मारत तर अजिबात नको, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, म्हणजे समुद्राऐवजी तुमच्याकडे. जाळी लावून केलेलं कुंपण दिसलं तर लांबून जा. पहाटे ओल्या वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी रेघ पाण्यातून वर आलेली दिसली तर फोटो काढा, पुसू नका, तिथल्या कासवमित्राला सांगा.

दुसरी, सड्यावरून चालता तर पायाखाली बघा. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात कातळशिल्पं आहेत, उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ वगैरे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. कशेळीचा हत्ती तर जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, जवळून बघितलं तर नुसत्या खाचा दिसतात, उंचावरून बघितल्यावर हत्ती होतो. सगळ्या शिल्पांना कुंपण नाही, नकळत त्यावरूनच चालत जातो आपण. आणि देवाचे गोठणेला सड्यावर शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते, दगडातच चुंबकत्व आहे. होकायंत्र घेऊन फिरणाऱ्यांनी तिथे दिशा काढायच्या भानगडीत पडू नये.

पुणेरी_पायतण
देवाचे गोठणे म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामींचं भार्गवराम मंदिर आहे तेच ना? मग वाटेतच आहे, जातोच आता.

पाऊलवाट_९
तेच. देवळाच्या मागून सड्यावर चढायला वाट आहे. सकाळी लवकर जा, जांभा यांनी सड्याबद्दल लिहिलंय ते शब्दशः खरं आहे.

मंजिरी_के
भवानी, पुढचा टप्पा कधी? मला आणि माझ्या नवऱ्याला यायचंय, नवरा पोहे एकच प्लेट खातो. केळशी-उटंबर-आडे-पाडले-आंजर्ले असं मनात आहे, शेवटी कड्यावरच्या गणपतीला चढून वर जायचं आणि तिथून सुवर्णदुर्ग बघत बसायचं.

नाखवा
ते करा. आंजर्ल्याहून पुढे हर्णैला या, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तो बघायचा. आणि उटंबरच्या डोंगराला खालून जायचा हट्ट करू नका, वरून जा. तारीख ठरवाल तेव्हा तिथी कळवा, मी वेळा काढून देतो. शक्यतो अष्टमीच्या आसपास या, भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही फार उतरत नाही.

भटकभवानी
ठरलं, मार्च उजाडायच्या आत. अष्टमी म्हणजे सहाला भरती, मग बाराला ओहोटी, म्हणजे आम्ही नऊला निघायचं, उतरत्या पाण्यात. बरोबर ना दादा? भावोजींना हे कळवलंय, ते म्हणाले नऊ म्हणजे दोन प्लेट आरामात होतात.

नाखवा
बरोबर. शिकलात.

पुणेरी_पायतण
शेवटचं एक विचारतो, आमच्याकडे कुत्रा आहे, तवसाळच्या तरीत घेतात का?

भटकभवानी
घेत असावेत हो, आमच्या फेरीला दोन बकऱ्या होत्या. तिकीट त्यांचं कोणी काढलेलं दिसलं नाही, पण जयगड येईपर्यंत भावोजींच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातली चार केळी सालीसकट गेली.